आमच्या छपरातला धूर

आमच्या घराला खिडकी नव्हती. ती असायला हवी, असे वाड्यातल्या कुणालाही कधी वाटले नव्हते. वाडा हा शब्द वाचून शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे चौक आणि दिंडीदरवाजा उभा राहील, म्हणून सांगतो : आमचा वाडा म्हणजे कोल्हापूरच्या पश्चिमेला, घाटमाथ्याजवळच्या एका सपाटीवर वसलेली गवळी धनगरांची नऊ घरे. भिंती कारवीच्या काटक्यांच्या, शेणामातीने लिंपलेल्या. वर चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्यांचा सांगाडा आणि त्यावर हातभर जाडीचे गवत. एका अंगाला म्हशी, दुसऱ्या अंगाला आम्ही आणि मधोमध चूल. तीन दगडांची ती चूल पहाटे पेटे आणि दिवसभर पुरती कधी विझत नसे, कारण सकाळचे दूध मंद आचेवर ठेवावे लागे, आणि लोणी कढवून तूप विकणे हाच आमचा व्यवसाय होता. धुराला बाहेर जायला वाट नव्हती. तो आधी छपरात भरे, मग खाली उतरे आणि उभ्या माणसाच्या छातीपर्यंत येऊन थांबे. म्हणून आमच्यात घरात कुणी उभे राहून बोलत नसे. पाहुणा आला की पहिला शब्द ‘बसा पावणं’ हाच. त्यात आगत्य होतेच. उभ्या पाहुण्याला ठसका लागणार, ही जाणही होती.

आईचे नाव ठकूबाई. मी तिला आये म्हणत असे. वडील मी पाळण्यात असतानाच गेले, त्यामुळे घरात माणसे दोनच, ती आणि मी. बाकी सगळ्या म्हशी. घराच्या आवाजांपैकी मला सर्वांत जवळचा आवाज आठवतो तो फुंकणीचा. ओले लाकूड पेटत नसे, मग आई लोखंडी नळी तोंडाला लावून फुंकत राही. फूऽऽ असा लांब आवाज, मग श्वास घेण्यापुरते थांबणे आणि त्या थांबण्यात तिच्या छातीतून येणारी बारीक शीळ. लहानपणी मला वाटे, ही शीळ फुंकणीचाच भाग आहे. नाचणीची भाकरी ती हातावर थापून तव्यावर टाकी, एक बाजू भाजली की ती निखाऱ्यांशी उभी करी आणि ती फुगेपर्यंत ताकातल्या कण्या माझ्या पुढ्यात वाढलेल्या असत. खर्डा दगडावर रगडलेला, त्यावर कढवलेल्या तुपाच्या तळाची बेरी. एखादी म्हैस व्यायली की चार दिवस खरवस. मी कोल्हापुरातल्या मोठमोठ्या वकिलांच्या घरी जेवलो आहे. त्या बेरीला धुराची जी चव होती, तसली चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही. ती चव आईच्या छातीत काय करीत होती, हे मला कळायला अठरा वर्षे लागली.

त्या वर्षी मी कोल्हापुरात कॉलेजला होतो आणि मंगळवार पेठेत आमच्या समाजातल्या मुलांबरोबर एका खोलीत राहत होतो. दिवाळीला घरी गेलो तर आई पाण्याची घागर घेऊन चढ चढताना तीनदा बसली. मी तिला जवळजवळ ओढतच सरकारी दवाखान्यात आणले. तरुण डॉक्टर होते. त्यांनी छातीचा फोटो उजेडावर धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, “आजी, बिडी किती वर्षं ओढताय?”

आईने आधी माझ्याकडे पाहिले, मग डॉक्टरांकडे. “म्या? बिडी?”

“खरं सांगा. लपवू नका.”

“आमच्या वाड्यातल्या बाया तंबाखू खात्यात. म्या तीबी खात न्हाई. बिडी वडती म्हणं!”

डॉक्टर वरमले. त्यांनी मला बाजूला घेतले, चूल कसली, घराला खिडकी किती, हे विचारले आणि म्हणाले, “औषधानं आत्ता बरं वाटेल. पण धूर थांबला नाही तर हे परत येणार, आणि तेव्हा माझ्याकडे देण्यासारखं फारसं नसेल.” परतीच्या एसटीत आईला आजाराची काळजी नव्हती. तिला राग आला होता तो वेगळाच. “मला बिडी वडणारी म्हणला गा त्यो,” असे ती बांबवड्यापर्यंत म्हणत राहिली, आणि पुढे महिनाभर वाड्यात हा किस्सा तिने रंगवून सांगितला. सगळ्या हसत. मी हसलो नाही. माझ्या कानात दुसरे वाक्य होते.

त्याच हिवाळ्यात निर्धूर चुली बांधायच्या सरकारी प्रशिक्षणाची नोटीस कॉलेजच्या फळ्यावर लागली. मी पहिल्याच दिवशी नाव दिले. दहा दिवस आम्हाला साच्यातून चूल कशी पाडायची, लाकूड घालायचे तोंड किती रुंद ठेवायचे, शेजारच्या वैलाला, म्हणजे चुलीच्या जोडतोंडाला, आच कशी पोहोचवायची आणि धुराडे किती उंच न्यायचे, हे शिकवले. जाताना एक पुस्तिका दिली. तिच्या मुखपृष्ठावर कौलारू घर होते, त्याला निळी खिडकी होती आणि चुलीपुढे एक बाई हसत उभी होती. उभी! ते चित्र पाहून मला आनंद झाला होता. पुस्तिकेच्या आतली सगळी घरेही कौलारूच होती. गवती छपराचे चित्र एकही नव्हते. मी ती पुस्तिका पानापानाने वाचली, कलमांना क्रमांक घातले, समासात खुणा केल्या. जे छापले होते ते सगळे मला पाठ झाले. जे छापले नव्हते, त्याकडे माझे लक्ष गेले नाही. पुढे वकिलांकडे कारकुनी करताना मी हाच दोष इतरांच्या कागदांत रोज शोधून काढला.

वाड्यावर मी साचा डोक्यावरून नेला. नऊपैकी पाच घरे नव्या चुलीला तयार झाली; त्यात पहिले आमचे. चूल पाडून मी धुराड्यासाठी भिंतीला भोक पाडू लागलो, तेव्हा सखूआत्ती दारात येऊन बसली. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण, नवरा वारल्यावर माहेरी परतलेली. वाड्यात तिच्या जिभेला सगळे वचकून असत.

“काय चाललंय गा, बिरू?”

“धूर भाईर काढतोय, आत्ती.”

“भाईर? आन् छपराला काय देनार?”

“छपराला कशाला धूर?”

“अगं ठकू, ऐक तुज्या शिकल्यालाचं! छपराला धूर कशाला म्हणतोय!” तिने वर बोट केले. आमच्या छपराच्या काठ्या काजळीने काळ्याभोर, चकचकीत झालेल्या होत्या. “ह्या काठ्या तुज्या आज्ज्यानं बांधल्यात. धूर प्याल्यात म्हणून हाईत. धूर न्हाई तर भुंगा हाय, लक्षात ठेव.”

मी तिला काय उत्तर दिले, ते लिहायची मला लाज वाटते, पण लिहिले नाही तर या प्रकरणाला अर्थ नाही. मी म्हणालो, “आत्ती, ह्या सगळ्या अडाणी समजुती आहेत. पुस्तकात असलं काही नाही.” हे मी मुद्दाम शहरी भाषेत म्हणालो. आत्ती उठता उठता आईला म्हणाली, “पोरगं हुशार हाय तुजं. छपरावर त्येलाच चढीव.”

आणि तरीही, त्यानंतरची दोन वर्षे आमच्या घरातली सर्वांत चांगली वर्षे होती. हे मी कबूल केलेच पाहिजे, कारण माझ्या विरोधात जाणारी बाजू मांडताना माझ्या बाजूचा पुरावा दडपणे हाही अप्रामाणिकपणाच. चूल पेटली की धूर भिंतीतून बाहेर जाई आणि घरात उभे राहता येई. फुंकणी कोपऱ्यात पडली. पहिले काही दिवस आईला ती शांतता सहन होत नसे. ती उगाच म्हशींशी बोले. मग हळूहळू छातीतली शीळ कमी झाली. चैत्रात तिने जोतिबाला जायचा हट्ट धरला. पायथ्यापासून ती पायऱ्या चढली, दोनदाच बसली आणि वर पोहोचल्यावर गुलालाने माखलेल्या तोंडाने मला म्हणाली, “त्या डाक्टरला आता दाव जा मला. बिडी सोडली म्हणावं.” मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मला वाटले, मी माझ्या आईचा जीव वाचवला आहे. आजही कधी कधी डोळे मिटले की तो गुलाल दिसतो आणि मी तेवढ्यावरच थांबायचा प्रयत्न करतो. थांबता येत नाही.

आमच्यात पावसापूर्वी शाकारणी होते. जुन्या गवतावर नवे गवत घालून बांधायचे, हे काम एका घराचे नसते. नऊही घरांतले पुरुष एकेका छपरावर चढतात आणि त्या दिवशी ज्याचे घर, त्याने सगळ्यांना जेवू घालायचे. तिसऱ्या वर्षीच्या वैशाखात आमच्या घराची पाळी आली. आईने पहाटेपासून भाकऱ्या थापल्या होत्या. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, नेहमीप्रमाणे सर्वांत आधी वर चढले. त्यांनी आढ्याजवळ पाय ठेवला, आणि कोरडी फांदी मोडावी तसा आवाज झाला. पाठोपाठ आबा छपरातून खाली आले, थेट म्हशींच्या अंगाला. त्यांच्याबरोबर पिवळसर पिठाचा लोट आला. चिव्याच्या काठ्या वरून काळ्याच दिसत होत्या. आत भुंग्याने पीठ केले होते. आबांचा खुबा मोडला. ते पुढे जगले, पण पुन्हा छपरावर चढले नाहीत आणि म्हशींमागेही गेले नाहीत.

निर्धूर चुली घेतलेल्या बाकीच्या चार घरांनी त्याच आठवड्यात त्या फोडल्या. कुणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरे झाले असते. देवळाच्या कट्ट्यावर सगळे जमले, तेव्हा वाड्यातल्या वडीलधाऱ्यांपैकी एकाने शांतपणे सांगितले, “ठकू, तुजं घर आमी नव्या काठ्या घालून शाकारून दिऊ. पन धूर नसल्याल्या छपरावर आमचा मानूस पुन्ना चढनार न्हाई. नवी काठी तर भुंग्याला ज्यास्तच ग्वाड लागती.” त्यांचे काही चुकत नव्हते. ज्या छपरावर दरवर्षी माणूस चढणार, ते छपर त्याचे वजन पेलेल याची खात्री त्याला हवी होती, आणि ती खात्री त्यांच्यापुढे धुराशिवाय दुसरी कोणती नव्हती.

उपाय एकच होता : गवत काढून पत्रे घालायचे. पत्र्याला भुंगा लागत नाही आणि पत्र्याला धूर लागत नाही. पण आमची सपाटी जंगलाच्या हद्दीत येत होती, आणि त्या हद्दीत पक्के छपर घालायला मनाई होती. आजोबा तिथे जन्मले, पणजोबा तिथे मेले. कागदावर मात्र आम्ही अतिक्रमण होतो. म्हणून मी वनखात्याला अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातला तो पहिला अर्ज. ‘विषय : गवती छपराऐवजी पत्र्याचे छपर घालण्यास परवानगी मिळणेबाबत.’ त्यात मी आईच्या छातीचा दाखला जोडला, आबांच्या खुब्याचा जोडला, निर्धूर चुलीच्या पुस्तिकेतली कलमे उद्धृत केली, आणि स्पष्ट लिहिले की, एका कार्यालयाने घरातला धूर काढून घेतला आहे, दुसरे कार्यालय धुराशिवाय टिकणारे छपर घालू देत नाही, आणि या दोन आदेशांच्या मधल्या जागेत एक स्त्री श्वास घेऊ पाहत आहे. ते वाक्य मला फार आवडले होते. मी ते तीनदा सुवाच्य अक्षरात लिहून काढले आणि अर्ज हातोहात देऊन पोच घेतली.

पोच घेऊन मी वर आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मारुती आला. मारुती हा आबांचा मुलगा, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला होता. बापाला पाहायला आला होता; बापाशेजारी बसून उठला आणि सरळ माझ्याकडे आला.

“आमच्या कंपनीनं जुनी शेड उतरवलीया. पत्रं पडून हाईत. सुपरवायझर म्हणतोय, घिऊन जा. टेम्पो करतो, रस्त्यापत्तुर आनतो. वर आनायला मानसं हाईत. दोन दिसात छप्पर हुतंय.”

“परवानगी?”

“कुनाची?”

“अर्ज केलाय मी. पोच आहे.”

“पोच घालनार हाईस व्हय घरावर?” तो हसला. “आरं बिरू, हितं वर कोन येतंय बघायला?”

“आलं तर? अर्ज चालू असताना बेकायदा काम केलं, तर अर्ज फेटाळतात. मग नऊही घरांचा हक्क गेला. एकदा कायद्यानं मिळालं, की कुणी काढून घेणार नाही.”

मारुतीचे हसणे थांबले. “माजा बा तुज्या छपरातनं पडला. म्या तुला एक शबूद तरी बोललो का? आता म्या हून द्यायला आलोय, तर घे की लेका.”

मी घेतले नाही. हे वाक्य लिहायला मला आज अर्धा दिवस लागला. मी त्याला कायद्याच्या राज्याविषयी बरेच काही सांगितले. कॉलेजातल्या भाषणांत ऐकलेले शब्द वापरले. तो ऐकत राहिला, शेवटी टोपी झटकून म्हणाला, “काकूला इचारलंस का?” आणि उत्तराची वाट न पाहता खाली उतरला.

मी आईला विचारले नव्हते. मी कार्यालयात खेटे घालू लागलो. साहेब दौऱ्यावर, साहेब रजेवर, टेबल बदलले, अर्ज ‘उचित कार्यवाहीस्तव’ दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग. चुलीच्या कार्यालयाने उत्तर दिले की, छपर हा विषय त्यांच्या कक्षेत येत नाही. मी स्मरणपत्र लिहिले. मग दुसरे. ज्येष्ठ लागला, पश्चिमेकडून ढग येऊ लागले आणि आमच्या घराच्या छपराला आबा पडले तिथले भोक तसेच होते. त्यावर मी प्लास्टिकचा कागद दगडांनी दाबून ठेवला होता.

एका दुपारी खालून खेटा घालून परतलो, तर लांबूनच दिसले : आमच्या छपरावर सात माणसे चढली होती आणि नव्या काठ्यांवर गवत बांधत होती. गवताच्या फटींतून धूर वर येत होता. मी धावत आत गेलो. निर्धूर चूल फोडून तिचा ढिगारा दारामागे लोटला होता. भिंतीतले भोक शेणाने लिंपून टाकले होते. तीन दगड जुन्या जागी मांडलेले, आणि त्यांच्यापुढे आई फुंकणी घेऊन बसली होती.

“आये, काय केलंस हे?”

“दिसत न्हाई व्हय? चूल पेटवली.”

“डॉक्टर काय म्हणाले होते?”

“डाक्टर येनार हाय व्हय शाकारायला?”

“पंधरा दिवस थांब. परवानगी येईल.”

“त्या पावसाला सांग थांबाय. त्येलाबी एक अर्ज लिव्ह.” वर चढलेली माणसे हसली. आईही हसली आणि त्या हसण्यातच तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तिने पदराने तोंड पुसले आणि खालच्या आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असे म्हणाली, “म्हशी भिजल्या तर दूद जातंय, बाळा. कुनी चढंना झालंय आपल्या घरावर. माजं काय, म्या जरा दारात बसत जाईन.”

त्या पावसाळ्यात दारात बसता आले नाही. घाटमाथ्यावरचा पाऊस आडवा येतो. दार लावूनच घ्यावे लागते. मी कॉलेज सोडून घरीच राहिलो. लाकडे मी फोडत असे, चूल मी पेटवत असे, भाकरीसुद्धा थापायला शिकलो. पण दार बंद असलेल्या एका खोलीच्या घरात धूर कुणाच्या वाटणीचा म्हणून वेगळा काढता येत नाही. आषाढात तिचे पाय सुजले. श्रावणात ती आडवी झोपू शकेना. मेढीला, म्हणजे छपराच्या खांबाला, टेकून बसल्या बसल्या डुलकी घेई. सखूआत्ती रोज सकाळी येऊन तिची पाठ चोळत बसे. एकदा मी तिला म्हणालो, “आत्ती, तू सांगितलं होतंस.” ती पाठ चोळता चोळता म्हणाली, “म्या छपराचं सांगितलंतं. हिच्या छातीचं मला तरी कुटं ठावं हुतं?” त्या एका वाक्यासाठी मी तिचा जन्मभर ऋणी राहिलो.

भाद्रपदातल्या एका सकाळी आईचे ओठ निळे पडले. घोंगड्याची झोळी करून ती बांबूला बांधली, चौघांनी खांद्यावर घेतली आणि आम्ही खाली निघालो. आत्ती शेजारून चालत आईच्या तोंडावर पानांचे इरले धरत होती. ओढ्याला पाणी होते. ते ओसरायची वाट पाहत आम्ही दगडावर झोळी टेकवली. आईने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “म्हशी सोडल्या का?” मी म्हणालो, “सोडल्या.” सोडल्या नव्हत्या, घाईत राहून गेल्या होत्या. पाणी ओसरायच्या आत ती गेली. मग ओढा ओलांडायचे कारण उरले नाही आणि आम्ही त्याच वाटेने तिला वर घेऊन आलो.

आईचे दिवस झाल्यावर मारुतीने काही न विचारता टेम्पो आणला. रस्त्यापासून वाड्यापर्यंत पत्रे डोक्यावरून आणायला नऊही घरांतली माणसे गेली होती. सकाळी सुरुवात केली, संध्याकाळी दिवेलागणीला घर पत्र्याचे झाले होते. मी एकही पत्रा हातात धरला नाही आणि कुणाला नकोही म्हटले नाही.

चार-पाच दिवसांनी जंगलाचा गार्ड आला. हातात माझा अर्ज होता. शेरे मारून मारून त्याचा कागद मऊ झाला होता. ‘स्थळपाहणी करून अहवाल सादर करणे.’ गार्डने छपराकडे पाहिले, टोपी काढली आणि दगडावर बसला. मी पाणी दिले.

“आई कुठं हाईत? अर्जात लिवलंय त्या?”

मी सांगितले. त्याने तांब्या खाली ठेवला.

“पत्रं कवा घातलं?”

“आता. नंतर.”

“आधीच का न्हाई घातलं?”

“परवानगी नव्हती.”

“पलीकडच्या पाच वाड्यांवर पत्रं हाईत, साहेब,” तो मला साहेब म्हणाला. “म्या काय डोळं मिटून फिरतोय व्हय? दिसत्यात मला. पावसात मानसांनी ऱ्हायाचं कुटं? कुनी अर्ज करत न्हाई, म्हणून मला कागद करायला लागत न्हाई. तुमी अर्ज केला. अर्ज आला की मला यावं लागतंय, आन् आलो की न्हाई म्हणावं लागतंय.”

त्याने मांडीवर कागद ठेवून अहवाल लिहिला. लिहून झाल्यावर तो माझ्याकडे दिला. ‘समक्ष पाहणी केली. घराचे छपर गवती असून त्यात कोणताही बदल केलेला आढळला नाही.’ खाली साक्षीदाराची जागा मोकळी होती. “तुमाला लिवता येतंय,” तो अजिजीने म्हणाला. “सही करा. उद्या वरनं कुनी इचारलं, तर तुमच्या घराला तरास नगं.”

डोक्यावर पत्रे उन्हाने तडतडत होते. तो माणूस माझ्यासाठी स्वतःची नोकरी पणाला लावून खोटे लिहीत होता, आणि असे खोटे मागितले असते तर त्याने वैशाखातही लिहून दिले असते. त्यानंतरच्या आयुष्यात मी शेकडो अर्ज लिहिले, अधिकाऱ्यांना सळो की पळो करून सोडले, वाड्यांच्या जमिनींसाठी, दाखल्यांसाठी, आता डोंगर न चढणाऱ्या गॅसच्या टाक्यांसाठी. आणि एका अक्षराचेही खोटे त्यांत येऊ दिले नाही. लोकांना तो माझा करारीपणा वाटतो. त्या दिवशी मी गार्डकडून पेन घेतले, छपर गवती आहे, असे दोनदा वाचले आणि त्याखाली माझे पूर्ण नाव लिहिले.